डोंगरातली हवा आणि हलके पंख

अल्ट्रालाइट म्हणजे एक किंवा दोन माणसांना घेऊन संथ गतीने उडणारे, वजनाने अतिशय हलके विमान. किती हलके, याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. अमेरिकेने १९८२ साली केलेल्या नियमानुसार इंजिनाच्या एकआसनी अल्ट्रालाइटचे रिकामे वजन २५४ पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे ११५ किलोंपेक्षा, कमी असावे लागते. टाकीत पाच गॅलनपेक्षा, म्हणजे सुमारे १९ लिटरपेक्षा, जास्त इंधन मावू नये आणि सरळ उड्डाणातला वेग ५५ नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे १०० किलोमीटरच्या पुढे जाऊ नये, अशीही अट आहे. युरोपात दोन आसनांच्या विमानाला माणसे आणि इंधनासह ४५० किलोंची मर्यादा बराच काळ होती. २०१८च्या नियमाने ती ६०० किलोंपर्यंत वाढवण्याची मुभा सदस्य देशांना दिली. भारतात या वर्गाला मायक्रोलाइट म्हणतात आणि त्याची नोंदणी व वैमानिकांचे परवाने नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या अखत्यारीत येतात.

या वर्गात तऱ्हा अनेक आहेत. ट्राइकमध्ये त्रिकोणी कापडी पंखाखाली तीन चाकांची उघडी गाडी टांगलेली असते आणि तिच्या पाठीशी इंजिन व पंखा असतो. पंखाला जोडलेला आडवा दांडा ढकलून किंवा ओढून वैमानिक गाडीचे वजन पंखाखाली सरकवतो आणि त्यावर विमान वळते, चढते, उतरते. ‘थ्री-अॅक्सिस’ प्रकारात शेपटी, सुकाणू आणि दांडी असे नेहमीच्या विमानासारखेच सगळे असते, फक्त आकाराने लहान. पॅरामोटरमध्ये वैमानिकाच्या पाठीवर २० ते ३० किलोंचे इंजिन आणि डोक्यावर पॅराग्लायडरचे छत असते. हँगग्लायडर आणि पॅराग्लायडर ही याच कुटुंबातली बिनइंजिनाची भावंडे. पॅराग्लायडरचे छत, हार्नेस आणि इतर सामान मिळून १५-२० किलो भरते आणि पाठीवरच्या पिशवीत मावते.

या सगळ्यांना एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर पडणारा भार. पॅराग्लायडरमध्ये तो जेमतेम चार किलो असतो, दोन माणसांच्या ट्राइकमध्ये पंचवीसच्या आसपास, तर प्रवासी जेट विमानात सहाशे किलोंच्या वर. भार कमी म्हणजे वेग कमी आणि वेग कमी म्हणजे वळण लहान. ताशी ३६ किलोमीटर वेगाने ३० अंश कललेला पॅराग्लायडर सुमारे १८ मीटर त्रिज्येत वळतो; तेवढेच कललेले, ताशी २५० किलोमीटर वेगाने जाणारे विमान साडेआठशे मीटरहून मोठी त्रिज्या घेते. म्हणूनच एखाद्या कड्यासमोरच्या हवेत, दोन सोंडांमधल्या घळीत, सुळक्याच्या शेजारी हलके विमान रेंगाळू शकते. मोठ्या विमानासाठी डोंगर हा टाळायचा अडथळा असतो. हलक्या विमानासाठी तोच उड्डाणाचा आधार ठरतो. मात्र ज्या हलकेपणामुळे हवेची बारीकशी उसळी उपयोगी पडते, त्याच हलकेपणामुळे हवेचा प्रत्येक धक्काही अंगावर येतो. डोंगरातल्या उड्डाणाचा आनंद आणि त्याची जोखीम एकाच मुळातून आलेली आहेत, आणि दोन्ही समजण्याची वाट डोंगरातली हवा समजण्यातून जाते.

टेकड्यांवरून आकाशात

माणसाच्या उडण्याचा प्रारंभच टेकडीवरून झाला. जर्मनीच्या ओटो लिलिएंथाल याने १८९१ पासून विलोच्या काड्या आणि कापडाच्या पंखांनी उतारावरून धावत झेपा घेतल्या. बर्लिनजवळ लिश्टरफेल्डे येथे त्याने त्यासाठी मातीची टेकडीच रचून घेतली आणि ऱ्हिनोवच्या डोंगरांवरूनही तो उडत राहिला. सुमारे दोन हजार उड्डाणांनंतर ऑगस्ट १८९६ मध्ये हवेच्या झोताने त्याचा पंख वर उचलला गेला, तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. शरीराचे वजन सरकवून पंख वळवण्याची त्याची रीत आजच्या हँगग्लायडरमध्ये आणि ट्राइकमध्ये जिवंत आहे.

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या इंजिनविमानांवर बंधने आली, तेव्हा तिथले तरुण वासरकुप्पे नावाच्या ९५० मीटर उंचीच्या डोंगरावर बिनइंजिनाची विमाने घेऊन जमू लागले. १९२० पासून तिथे स्पर्धा भरू लागल्या. १८ ऑगस्ट १९२२ रोजी आर्थर मार्टेन्स उतारावरच्या वाऱ्यावर तासाभराहून अधिक काळ तरंगत राहिला. १९२६ साली माक्स केगेल याला वादळी ढगाने वर ओढून नेले आणि तो ५५ किलोमीटर दूर जाऊन सुखरूप उतरला. ढगाखाली उचलणारी ताकद किती मोठी असते याचा तो धडा होता. वर जाणारी हवा अचूक दाखवणारे व्हेरिओमीटर हे यंत्र १९२८च्या सुमारास रोबेर्ट क्रोनफेल्डने वापरायला सुरुवात केली आणि उताराला चिकटून राहण्याची गरज संपली.

मऊ पंखाची कथा वेगळ्या वाटेने आली. अमेरिकेतले अभियंता फ्रान्सिस रोगॅलो आणि त्यांची पत्नी गर्ट्रूड यांनी १९४८ साली लवचिक त्रिकोणी पंखाच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढे अंतराळयान परतताना अलगद उतरवण्यासाठी नासाने त्या पंखाच्या चाचण्या घेतल्या, पण अखेर पॅराशूटच निवडले. १९६३ साली ऑस्ट्रेलियातल्या ग्राफ्टन गावी जॉन डिकन्सन यांनी त्याच पंखाला हातात धरायची त्रिकोणी चौकट जोडली आणि हँगग्लायडरला आजचे रूप मिळाले. १९७५ मध्ये जॉन मूडी यांनी पाठीमागे छोटे इंजिन लावलेला ग्लायडर पायांनी धावत हवेत नेला आणि पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या ऑशकॉशच्या विमानमेळ्यात तो लोकांना दाखवला. इंजिनाच्या अल्ट्रालाइटची लाट तिथून उसळली. पॅराग्लायडिंगचे जन्मस्थान आल्प्समधले. जून १९७८ मध्ये फ्रान्सच्या मिएसी गावाजवळच्या तीव्र उतारावरून काही पॅराशूटपटूंनी चौकोनी छत फुगवून धाव घेतली. विमानातून उडी मारण्याचा खर्च वाचावा एवढाच त्यांचा हेतू होता. दहा वर्षांनी, २६ सप्टेंबर १९८८ रोजी, झाँ-मार्क ब्वाव्हँ या फ्रेंच गिर्यारोहकाने एव्हरेस्टच्या शिखरावरून छत उघडले आणि बारा मिनिटांच्या आत तो खालच्या छावणीत उतरला.

उतार, ऊन आणि वारा

सपाट मैदानावर वारा वाहतो. डोंगराला आदळून तो वर चढतो. ताशी २० किलोमीटर वेगाचा वारा ३० अंशांच्या उतारावर सरळ आला आणि उताराला धरून चढला, तर त्याचा वर जाणारा भाग सेकंदाला पावणेतीन मीटरच्या जवळ जातो. पॅराग्लायडर स्थिर हवेत सेकंदाला साधारण एक ते सव्वा मीटर खाली येत असतो. म्हणजे त्या वाऱ्यात तो खाली न येता वर जातो. धारेच्या समोर, वाऱ्याच्या बाजूला, इकडून तिकडे लांबट आठ काढत वैमानिक वारा असेपर्यंत तरंगू शकतो. यालाच रिज सोअरिंग म्हणतात. वाऱ्याचा जोर, उताराचा कोन आणि धारेची लांबी या तीन गोष्टी जुळल्या की इंजिनाच्या विमानालाही हा झोत मोठी मदत करतो आणि इंजिन कमी ताणावर चालते.

दुसरा आधार उन्हाचा. सूर्याकडे तोंड असलेला उतार खालच्या दरीपेक्षा लवकर तापतो. त्यावरची हवा गरम होऊन उताराने वर सरकते आणि एखाद्या सोंडेच्या टोकाशी, कातळाच्या कडेशी किंवा जंगलाच्या सीमेवर जमिनीपासून सुटते. या वर जाणाऱ्या स्तंभाला थर्मल म्हणतात. कोरडी हवा वर जाताना दर शंभर मीटरला सुमारे एक अंशाने थंड होत जाते. भोवतालची हवा त्याहून गरम नसेल तोवर स्तंभ चढत राहतो. त्यातल्या वाफेचे थेंब होऊन जिथे ढग बनतो ती उंची साध्या गणिताने काढता येते: जमिनीवरचे तापमान आणि दवबिंदू यांतल्या प्रत्येक अंशाच्या फरकामागे १२५ मीटर. फरक १६ अंशांचा असेल तर ढगाचा तळ सुमारे २००० मीटर वर सापडतो. कापसाच्या ढिगासारखा सपाट तळाचा ढग दिसला की त्याच्याखाली उचल आहे, हे उडणाऱ्याला दुरूनच कळते.

सूर्य दिवसभर सरकतो तशी उचलही डोंगराभोवती फिरते. सकाळी पूर्वेकडच्या कड्यांवर, दुपारी दक्षिणेकडच्या उतारांवर, उन्हे कलल्यावर पश्चिमेच्या सोंडांवर. जाणकार वैमानिक सूर्यामागून डोंगराची प्रदक्षिणा करत लांबचे अंतर कापतो.

तिसरी चाल खोऱ्याची. दिवसा तापलेल्या डोंगरांकडे सखल भागातली हवा ओढली जाते आणि खोऱ्यातून वरच्या दिशेने वारा वाहू लागतो. रात्री हवा थंड होऊन जड होते आणि तोच वारा उलटा, डोंगराकडून खाली वाहतो. आल्प्समधल्या अरुंद खोऱ्यांत दुपारचा हा वारा इतका जोर धरतो की उतरण्याच्या जागेवर हलके विमान एका जागी थबकल्यासारखे दिसते. म्हणून वर हवा कितीही शांत भासली तरी दुपारी खाली काय चालले असेल याचा विचार उतरण्याआधीच करावा लागतो.

संध्याकाळी एक वेगळी घटना घडते. दिवसभर तापलेले खोरे आणि त्यातली जंगले साठवलेली ऊब सावकाश सोडतात, उतारांवरची थंड हवा खाली सरकून ती ऊब वर ढकलते आणि खोऱ्याच्या मध्यभागी रुंद, मऊ, एकसारखी उचल तयार होते. उडणारे तिला मॅजिक एअर म्हणतात. दुपारचे धक्के संपलेले असतात, वारा पडलेला असतो, तरीही विमान खाली येत नाही.

वाऱ्याच्या आडोशाला गोष्ट उलटी होते. धार ओलांडलेला वारा पलीकडे खाली कोसळतो आणि त्याचे भोवरे होतात. या भागाला रोटर म्हणतात आणि हलक्या विमानाने तिथे जाणे धोक्याचे असते. वारा पुरेसा जोरकस आणि हवेचे थर स्थिर असतील तर आडोशाच्या बाजूला आणखी वर, उंचच उंच लहरी उमटतात. १९३३ साली वोल्फ हिर्थने रीजनगेबिर्ग डोंगरांजवळ या लहरींवर उड्डाण केले. आज बिनइंजिनाची खास विमाने याच लहरींवर विक्रमी उंची गाठतात. अल्ट्रालाइटला त्या लहरी क्वचितच झेपतात. पण आकाशात भिंगासारखा, एका जागी थांबलेला ढग दिसला तर वर जोराचा वारा आहे आणि आज डोंगराजवळ जाऊ नये, एवढे वैमानिकाने समजून घ्यायचे असते.

उड्डाणातला आनंद

या विद्येतला पहिला आनंद वेगाच्या अभावाचा आहे. ताशी ४० ते ९० किलोमीटर वेगाने, धारेच्या थोड्या वरून जाताना डोंगराची रचना नीट पाहता येते. खालून पायी चढणाऱ्याला एका वेळी एकच सोंड दिसते. वरून पाहणाऱ्याला पाण्याने कापलेल्या घळी, पठारावरून सुरू झालेला ओढा, त्याने खाली टाकलेला गाळ, त्या गाळावर वसलेले गाव आणि गावाच्या शेतांचे बांध असा सगळा क्रम एका नजरेत कळतो. उघड्या ट्राइकमध्ये आणि पॅराग्लायडरमध्ये वासही पोहोचतो: ओल्या गवताचा, चुलीच्या धुराचा, देवदाराच्या रानाचा. उंची वाढली की हवेचा गारवा चेहऱ्यावर जाणवतो, कारण सरासरीने दर हजार मीटरला तापमान साडेसहा अंशांनी उतरते.

दुसरा आनंद उचल शोधून तिच्यात टिकून राहण्याचा. थर्मल डोळ्यांना दिसत नाही. एका बाजूचा पंख किंचित वर उचलला जातो, हार्नेसची पट्टी ताणली जाते, व्हेरिओमीटरचा आवाज भराभर वाजू लागतो आणि वैमानिक त्या बाजूला वळतो. प्रत्येक फेरीत उचल कुठे जास्त आहे हे लक्षात ठेवून तो वर्तुळ थोडे थोडे सरकवतो. जमले की दहा मिनिटांपूर्वी डोक्यावर असलेले शिखर पायांखाली येते. इंजिन न लावता, केवळ डोंगराने तापवलेल्या हवेवर हजार-दीड हजार मीटर चढणे हे माणसाला पक्ष्यांच्या सर्वांत जवळ नेणारे काम आहे.

पक्षी या कामात खरोखरचे सोबती असतात. सह्याद्रीत घारी आणि हिमालयात गिधाडे आपल्याआधी थर्मल ओळखतात. हिमालयातल्या ग्रिफन गिधाडाचे पंख टोकापासून टोकापर्यंत तीन मीटरच्या जवळ जातात. एकाच स्तंभात पक्षी आणि माणसे मिळून घिरट्या घालत असतील तर सगळ्यांनी एकाच दिशेने फिरायचे, हा शिरस्ता आहे, आणि आत आधी आलेल्याने, मग तो पक्षी असला तरी, जी दिशा धरली तीच नंतर येणाऱ्याने धरायची असते.

तिसरा आनंद प्रवासाचा. पॅराग्लायडर पाठीवर घेऊन डोंगर चढायचा, वरून उडायचे, जिथे उतरू तिथे मुक्काम करायचा आणि सकाळी पुन्हा चढायचे, अशी भटकंती आल्प्समध्ये रुजली आहे. तिचे स्पर्धेतले रूप म्हणजे २००३ पासून होणारी रेड बुल एक्स-आल्प्स. तिच्यात स्पर्धकांनी आल्प्स पायी किंवा उडत पार करायचे असतात. इतर कोणतेही वाहन चालत नाही. स्वित्झर्लंडच्या क्रिस्टियान मौरर याने २००९ ते २०२३ या काळात ती सलग आठ वेळा जिंकली. त्याच्या यशात पायांच्या ताकदीइतकाच वाटा उद्याच्या हवेचा अंदाज आज बांधण्याच्या सवयीचा आहे. नेपाळच्या लाक्पा छिरी शेर्पा आणि बाबू सुनुवार यांनी २०११ मध्ये याहून लांबची वाट धरली: एव्हरेस्ट चढून शिखरावरून दोघांच्या पॅराग्लायडरने खाली, आणि पुढे नदीतून कयाकने बंगालच्या उपसागरापर्यंत.

इंजिन आणि विरळ हवा

इंजिनाच्या अल्ट्रालाइटला डोंगरात उंचीचा हिशेब सतत मांडावा लागतो. ३००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे २५ टक्के कमी असते. साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे अंदाजे तीन टक्क्यांनी घटते, म्हणजे दहा हजार फुटांवर तीसेक टक्के ताकद गेलेली असते. त्याच वेळी पंखाला तेवढाच आधार मिळवण्यासाठी विमान प्रत्यक्षात १६ टक्के जास्त वेगाने जात असते, जरी वेगमापकाचा काटा नेहमीचाच आकडा दाखवत असला तरी. परिणामी धावपट्टी जास्त लागते, वळण मोठे होते आणि चढण मंदावते. उन्हाळ्याच्या दुपारी हवा आणखी विरळ होते, म्हणून उंचावरच्या धावपट्टीवरून भरल्या वजनाने निघायचे काम सकाळी उरकतात.

या वर्गाचा कायापालट केला तो ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीच्या ९१२ या चार सिलिंडरांच्या इंजिनाने. १९८०च्या दशकातली टू-स्ट्रोक इंजिने हलकी होती, पण अचानक बंद पडण्याची भीती मोठी होती, आणि खाली दरी असताना ती भीती आनंद हिरावून घेई. ८० अश्वशक्तीच्या ९१२ने डोंगरावरून निश्चिंतपणे जाणे शक्य केले. पुढे आलेल्या ९१४ मध्ये टर्बोचार्जर असल्याने विरळ हवेतही ताकद टिकते. १९३३ साली एव्हरेस्टवरून पहिल्यांदा विमान नेण्यासाठी बिहारमधल्या पूर्णियाजवळून दोन खास सज्ज केलेली द्विपंखी विमाने निघाली होती. २४ मे २००४ रोजी ब्रिटिश वैमानिक रिचर्ड मेरेडिथ-हार्डी याने तेच शिखर उघड्या मायक्रोलाइटने ओलांडले. दोरीने बांधलेला हँगग्लायडर मागे ओढून नेत, इटलीच्या आंजेलो द’आरिगोला घेऊन.

आवाजाचा प्रश्नही डोंगरात मोठा आहे, कारण खोऱ्यात आवाज घुमतो आणि कड्यांवर पक्ष्यांची घरटी असतात. विजेवर चालणारी विमाने हा त्यावरचा उपाय ठरू पाहत आहे. स्लोव्हेनियाच्या डोंगराळ विपावा खोऱ्यातल्या पिपिस्ट्रेल कंपनीच्या व्हेलिस इलेक्ट्रो या दोनआसनी विमानाला जून २०२० मध्ये युरोपीय विमानसुरक्षा संस्थेची मान्यता मिळाली. पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या विमानाला असे प्रमाणपत्र मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. बॅटरीच्या वजनामुळे सध्या ते जवळपासच्या प्रशिक्षणापुरते आहे. याच कंपनीची व्हायरस जातीची पेट्रोलवरची मायक्रोलाइट भारतात राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागाकडे आहेत.

ठिकाणे

फ्रान्समधल्या आल्प्सने डोंगरी उड्डाणाला उतरत्या धावपट्ट्यांची देणगी दिली. कूर्शव्हेलची धावपट्टी २००० मीटर उंचीवर आहे, लांबी ५३७ मीटर आणि तिला १८.५ टक्क्यांचा उतार आहे. चढाच्या दिशेने उतरायचे, उताराच्या दिशेने उडायचे. चुकलेले उतरणे पुन्हा करून पाहण्याची सोय नाही, कारण पुढे डोंगर आहे. म्हणून अशा जागी उतरण्यासाठी वेगळे प्रशिक्षण लागते. ग्रेनोबलजवळ सेंट-इलेर-द्यू-तूव्हे येथे १९७४ पासून कूप इकार हा मुक्त उड्डाणाचा मेळा भरतो. शार्त्रूज डोंगराच्या कड्यावरून चित्रविचित्र वेश केलेले पॅराग्लायडर आणि हँगग्लायडरवाले झेपावतात आणि गावेच्या गावे ते पाहायला लोटतात.

नेपाळमधल्या पोखऱ्याची गंमत उंचीच्या फरकात आहे. फेवा ताल समुद्रसपाटीपासून आठशे मीटरच्या आत आणि तिथून तीसेक किलोमीटरच्या आत ६९९३ मीटरचा माछापुच्छ्रे. सारंगकोटच्या डोंगरावरून पॅराग्लायडर उडतात आणि १९९०च्या दशकापासून इथे ट्राइकमधून पर्वतदर्शन घडते. पहाटे हवा निश्चल असताना ट्राइक खोऱ्यातून वर जाते आणि अन्नपूर्णेची रांग डोळ्यांच्या पातळीवर येते. दुपारी ढग शिखरे झाकतात, म्हणून या उड्डाणांची वेळ सकाळचीच.

हिमाचलच्या कांगडा जिल्ह्यातले बीर-बिलिंग भारतीय पॅराग्लायडिंगचे माहेर आहे. बिलिंगची उडण्याची जागा सुमारे २४०० मीटरवर, उतरण्याची जागा खाली बीरमध्ये सुमारे १४०० मीटरवर. पाठीशी धौलाधार कांगडा खोऱ्यातून थेट भिंतीसारखी उभी आहे. या भिंतीच्या पुढच्या सोंडांवर ऑक्टोबरात दुपारी रांगेने थर्मल उठतात आणि वैमानिक एका सोंडेवरून दुसरीकडे जात धरमशालेपर्यंत जाऊन परततात. शंभर किलोमीटरहून लांबची उड्डाणे इथे होतात. ऑक्टोबर २०१५ मध्ये पॅराग्लायडिंगच्या विश्वचषक मालिकेतली भारतातली पहिली स्पर्धा इथेच झाली.

सह्याद्री उंचीने लहान, पण उड्डाणासाठी समृद्ध. लोणावळ्याजवळच्या कामशेत परिसरात पवना धरणाभोवतीच्या डोंगरांवर नवशिक्यांना पुरेल अशा बेताच्या उंचीचे, गवताळ उतार आहेत. शिकणाऱ्यांची बहुतेक उड्डाणे पहाटे आणि दुपारनंतर होतात. मधल्या वेळी थर्मल तीव्र होतात. ऋतूप्रमाणे डोंगरही बदलतो. हिवाळ्यात पूर्वेकडून वारा असला की पूर्वाभिमुख उतार, आणि उन्हाळ्याकडे कोकणातून घाटमाथ्यावर चढणारा पश्चिमेचा वारा सुरू झाला की पश्चिमाभिमुख धार. पाचगणी-वाईकडे कृष्णेच्या खोऱ्यात उंची अधिक मिळते आणि जांभ्याच्या पठारांचे सरळ कडे वाऱ्याला तोंड देऊन उभे आहेत. पावसाळा संपल्यापासून मेपर्यंत हंगाम चालतो. ऑक्टोबरात पठारांवर फुले आणि भातखाचरे, मार्चमध्ये वाळलेले सोनेरी गवत आणि तापलेला काळा कातळ, असा एकच डोंगर वेगवेगळ्या रूपांत पाहायला मिळतो. शिवाय गडांची रचना वरून जशी कळते तशी पायथ्यावरून कळत नाही: माची कोणत्या सोंडेवर बांधली, पाणी कुठे अडवले, दरवाजा कोणत्या वळणात लपवला.

भारतीयांनी या छोट्या विमानांनी लांबचे पल्लेही गाठले आहेत. मुंबईचे उद्योगपती विजयपत सिंघानिया यांनी १९८८ मध्ये लंडनहून भारतापर्यंत एकट्याने मायक्रोलाइट आणले. २००७ मध्ये भारतीय वायुदलाचे राहुल मोंगा आणि अनिल कुमार या विंग कमांडरांनी मायक्रोलाइटने सुमारे ८० दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली.

धोके आणि शिस्त

डोंगरातल्या उड्डाणाची शिस्त चार-पाच नियमांत सांगता येते आणि त्यांतला प्रत्येक नियम हवेच्या स्वभावातून आलेला आहे. धारेकडे ४५ अंशांच्या तिरक्या कोनाने जायचे, म्हणजे पलीकडून खाली येणारी हवा लागली तर अर्धे वळण घेऊन लगेच मागे फिरता येते. खोऱ्यातून जाताना मध्यभागी न राहता एका बाजूला राहायचे, म्हणजे वळायला पूर्ण रुंदी मिळते. ज्या खोऱ्याचा तळ विमानाच्या चढणीपेक्षा वेगाने वर येतो त्यात शिरायचे नाही. उतारावर तरंगताना प्रत्येक वळण डोंगरापासून बाहेरच्या दिशेला घ्यायचे. समोरासमोर दोन जण आले तर ज्याच्या उजव्या हाताला डोंगर आहे त्याला वाट द्यायची, कारण त्याला उजवीकडे सरकायला जागाच नसते.

विजेच्या तारा आणि रोपवेचे दोर हे माणसाने निर्माण केलेले धोके. वरून ते दिसत नाहीत, खांब दिसतात. म्हणून दोन खांबांच्या मध्ये तार आहे असेच धरून चालायचे.

ढगाचा धोका सर्वांत फसवा, कारण त्याची सुरुवात सुखद उचलीने होते. १४ फेब्रुवारी २००७ रोजी ऑस्ट्रेलियातल्या मॅनिलाजवळ एवा विश्निएर्स्का या जर्मन पॅराग्लायडिंगपटूला वादळी ढगाने ९९४६ मीटरपर्यंत ओढून नेले. चाळीस मिनिटांहून अधिक काळ ती बेशुद्ध होती, अंगावर बर्फ जमले होते, तरी ती वाचली. त्याच ढगात सापडलेला एक चिनी वैमानिक वाचला नाही. वादळी ढग वाढताना दिसला की लवकर उतरणे हाच मार्ग. याच कारणाने हिमाचलमध्ये दरवर्षी १५ जुलै ते १५ सप्टेंबर या काळात पॅराग्लायडिंग बंद असते, आणि सह्याद्रीतही पावसाळ्यात उड्डाण होत नाही.

साधनांनीही सुरक्षितता वाढवली आहे. पॅराग्लायडरच्या हार्नेसमध्ये राखीव पॅराशूट असते. इंजिनाच्या अल्ट्रालाइटसाठी संपूर्ण विमानच खाली आणणारे, छोट्या अग्निबाणाने उडणारे पॅराशूट १९८०च्या दशकात आले आणि त्याने अनेकांचे प्राण वाचवले. पॅराग्लायडरांची युरोपीय मानकानुसार ए ते डी अशी वर्गवारी होते. ए वर्गाचे छत दुमडले तरी बहुधा आपोआप फुगते, डी वर्गाचे छत तज्ज्ञाच्याच हाती द्यायचे.

शिकण्याचा क्रम

प्रशिक्षण जमिनीवर सुरू होते. पॅराग्लायडिंगचा विद्यार्थी आधी सपाट मैदानावर छत डोक्यावर आणून तोलून धरायला शिकतो, मग छोट्या उतारावरून काही सेकंदांची उड्डाणे करतो, मग उंच डोंगरावरून रेडिओवर प्रशिक्षकाच्या सूचना ऐकत उडतो. भारतात हे टप्पे पी-१, पी-२, पी-३ अशा नावांनी ओळखले जातात. उतारावर तरंगणे त्यानंतर येते आणि थर्मलमध्ये दूरचा प्रवास सर्वांत शेवटी. मायक्रोलाइटचा विद्यार्थी मैदानी धावपट्टीवर चढणे, उतरणे आणि इंजिन बंद पडल्यास शेतात उतरणे पक्के करतो. डोंगराळ भाग त्यानंतर, तोही आधी अनुभवी प्रशिक्षकासोबत, पहाटेच्या शांत हवेत.

या सगळ्यासोबत वाचनही चालते: हवामानाचा नकाशा, तापमानाचे उंचीनिहाय आलेख, प्रत्येक डोंगराची वाऱ्याची सवय. स्थानिक माहिती इथे मोलाची असते. कोणत्या घळीत दुपारी हवा उलटी फिरते, कोणत्या खिंडीत वारा दुप्पट होतो, हे त्या गावातल्या वैमानिकांना आणि कित्येकदा तिथल्या गुराख्यांनाही ठाऊक असते. जसजशी ही जाण वाढते तसतसा त्याच डोंगरावरचा आनंदही वाढतो. आज हवा योग्य नाही हे ओळखून पंख न उघडता परत फिरता येणे ही त्या जाणिवेचीच खूण मानली जाते, आणि प्रशिक्षक विद्यार्थ्याला एकट्याने डोंगरात सोडण्याआधी हीच खूण शोधतात.